टोळीतली बाई आणि लेकरांच्या लसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीड जिल्ह्यात आशाताईंची गटप्रवर्तक म्हणून काम करते. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडच्या कित्येक वाड्या-तांड्यांवर फक्त म्हातारी माणसं उरतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उसाला जातात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाहीतर पार कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी यांच्यासोबत लसी अर्ध्यावर राहिलेली लेकरंही जातात. या लेकरांसाठी टोळीतल्याच एखाद्या बाईला तयार करायचं, असं आमचं काम चालतं. बैठकांत आशाताई, बचत गटातल्या बाया आणि नव्याने शिकायला आलेल्या सुना जे प्रश्न परत परत विचारतात, ते इथे लिहिले आहेत. वीटभट्टीवर, पालावर किंवा शहरातल्या झोपडपट्टीत काम करणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

सुई तर नर्स टोचते. मग वस्तीतल्या बाईचं काम काय?

सुई टोचायला मिनिटही लागत नाही. त्या मिनिटापर्यंत लेकरू पोचवायला मात्र आठ-पंधरा दिवसांची धावपळ असते. कोणत्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) बाळंतपण झालं, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचं लसीचं कार्ड पेटीच्या तळाशी आहे, कोणत्या लेकराला मागच्या वेळी ताप आला म्हणून आई धास्तावली आहे, हे नर्सला कसं कळणार? तिच्याकडे पाच-पाच हजार लोकवस्ती असते. टोळीतल्या बाईला हे चुलीपुढे बसल्या बसल्या कळतं.

माझा अनुभव असा की लसीला ठाम नकार देणारी घरं फार थोडी. बाकीच्यांना तारीख माहीत नसते, किंवा माहीत असून निघता येत नाही, किंवा मनात भीती असते आणि ती बोलायला जवळचं कोणी नसतं. या तिन्ही गोष्टींना बाहेरून आलेल्या माणसाच्या भाषणापेक्षा शेजारच्या कोपीतल्या बाईचा जास्त उपयोग होतो. लसीच्या सत्राच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणते, “उद्या तुझ्या लेकराची पाळी आहे, मी बी येते संगं.” या एका वाक्यावर आमची निम्मी लेकरं सत्राला पोचतात.

अशी बाई निवडायची कशी? शिकलेली नसेल तर चालेल का?

चालेल. आमच्या जिल्ह्याला लागूनच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे १९७० मध्ये गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, पण गावाशी त्यांचं जमेना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची, असं ठरलं. त्यातल्या कित्येकजणी दलित होत्या, कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत गावात जाऊन तेच सांगायच्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशभरात ‘आशा’ ही योजना २००५ मध्ये आली, पण वस्तीतल्याच बाईवर भरवसा ठेवायचा ही गोष्ट आमच्या शेजारी फार आधी करून दाखवलेली होती.

निवडताना आम्ही एवढंच पाहतो की दुसऱ्या बाया रात्री-अपरात्री कोणाचं दार वाजवतात. बहुतेक टोळीत अशी एक बाई असतेच. मुकादमाची (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची) बायको असेल तर सोय होते, कारण तिला खाड्याची (कामावर न गेल्यास पैसे कापले जाण्याची) भीती नसते. पण ती तोऱ्यात वागणारी असेल तर बाया तिच्यापुढे तोंड उघडत नाहीत. तेव्हा टोळीलाच विचारावं.

वाचता येत नसेल तर तारखा कशा लक्षात ठेवायच्या? आम्ही आठवडी बाजार मोजायला सांगतो. बाळंतपणानंतर सहा बाजार झाले की पहिली फेरी, त्यावर चार बाजार झाले की दुसरी, आणखी चार झाले की तिसरी. दीड, अडीच आणि साडेतीन महिने हेच. बायांच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसतं की कधीकधी त्याच नर्सला आठवण करून देतात.

कोणत्या लसी कधी, हे एकदा सरळ सांगा.

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब ची लस (ही २४ तासांच्या आत). दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटा (जुलाबाची लस). त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीला पोलिओची सुई आणि न्यूमोनियाची पीसीव्ही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओची तिसरी सुई आणि जीवनसत्त्व ‘अ’. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा, ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर आणि पोलिओचे थेंब. पुढे पाचव्या-सहाव्या वर्षी ट्रिपलचा दुसरा बूस्टर, १० आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस). काही जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराचीही लस असते. सरकारी सत्रात हे सगळं फुकट आहे.

एका पेंटाच्या सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) अशा पाच रोगांची लस असते. आज्यांना ‘पेंटा’ कळत नाही. “पूर्वीची ट्रिपल, तिच्यात अजून दोन रोग घातलेत” असं सांगितलं की लगेच समजतं.

आमच्या लेकरांचे डोस नेमके कुठे सुटतात?

जन्माचा महिना विचारला की बरंचसं उत्तर मिळतं. बैठकीत आम्ही हे जमिनीवर खडूने आखून दाखवतो.

१० जूनला जन्मलेलं लेकरू घ्या. दीड महिना २२ जुलैला, अडीच १९ ऑगस्टला, साडेतीन १६ सप्टेंबरला. तिन्ही फेऱ्या गावात होतात आणि सगळे निर्धास्त होतात. पण नऊ महिने भरतात १० मार्चला, तेव्हा लेकरू उसाच्या फडात. गोवराची सुई तिथेच सुटते. त्याच लेकराचे १६ महिने ऑक्टोबरमध्ये, म्हणजे पुन्हा निघायच्या गडबडीत. गोवराचे दोन्ही डोस सुटायचा धोका याच लेकरांना सगळ्यात जास्त, आणि त्यांचं कार्ड वरवर पाहिलं तर चांगलं भरलेलं दिसतं.

आता १० सप्टेंबरला जन्मलेलं घ्या. पहिली फेरी २२ ऑक्टोबरला, ट्रॉली भरायच्या दिवसांत. दुसरी १९ नोव्हेंबरला आणि तिसरी १७ डिसेंबरला, म्हणजे फडात. याचा पेंटाच अर्धा राहतो. आणि १० डिसेंबरला फडातच जन्मलेल्या लेकराचं तर कार्डच कोणी काढलेलं नसतं.

म्हणून निघायच्या महिनाभर आधी प्रत्येक टोळीची यादी करायची: लेकराचं नाव, जन्मतारीख, झालेल्या लसी, पुढची तारीख आणि त्या तारखेला टोळी कोणत्या कारखान्याकडे असेल. यादीची एक प्रत टोळीतल्या बाईकडे आणि एक मुकादमाकडे द्यावी. एक फोटो आशाताईच्या फोनमध्ये असू द्या.

तिकडे दुसऱ्या जिल्ह्यात लस देतात का? “तुमचं गाव इथलं नाही” म्हणाले तर?

देतात. लस लेकराची असते, गावाची नसते. देशातल्या कुठल्याही सरकारी सत्रात ती मिळते. आता यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नोंद असेल तर मोबाइल नंबरवरून झालेले डोसही दिसतात. अडचण एवढीच की नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो आणि दर हंगामात बदलतो. नोंदीला घरच्या आजीचा किंवा कायम चालू राहणारा नंबर द्यायला सांगा.

ऊस तोडणाऱ्यांचे तळ, वीटभट्ट्या, पालं हे सगळे अतिजोखमीचे भाग म्हणून तिथल्या आरोग्य केंद्राच्या मायक्रोप्लॅनमध्ये (लसीकरणाच्या आराखड्यात) घ्यायचे असतात. पण पालं पडल्याचं केंद्राला कळलं पाहिजे ना? तळ टाकल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत टोळीतल्या बाईने जवळच्या उपकेंद्रात किंवा तिथल्या आशाताईला जाऊन सांगायचं: “आम्ही एवढ्या कोप्या आहोत, पाच वर्षांखालची एवढी लेकरं आहेत.” तिचं सगळ्यात मोलाचं काम मी याला म्हणेन.

एकच लेकरू आलं म्हणून गोवराची कुपी फोडत नाहीत. खरं का?

एका लेकरासाठीही कुपी फोडायची, असंच धोरण आहे. पण गोवर-रुबेलाच्या कुपीत अनेक डोस असतात आणि द्रावण मिसळल्यावर चार तासांत ती टाकून द्यावी लागते. त्यामुळे नर्सचा हात आखडतो. भांडत बसण्यापेक्षा आजूबाजूच्या दोन-तीन तळांवरची लेकरं त्याच दिवशी जमवावीत. नर्सचंही मन राहतं आणि सत्र भरतं.

लस दिली की ताप येतो, रात्रभर रडतं. सकाळी चारला कोयता घेऊन फडात जायचं असतं. आई नको म्हणते, तिचं काय चुकलं?

तिचं काहीच चुकलेलं नाही. हे आधी मनापासून मान्य करा, नाहीतर पुढचं बोलूच नका.

मागे एका तळावर मी रात्री थांबले होते. पाचटाच्या कोपीत दिवा नव्हता, मोबाइलचा उजेड होता. दुपारी पेंटा घेतलेलं लेकरू कण्हत होतं, मांडीला लागलं की किंचाळत होतं. आई दिवसभर मोळ्या वाहून आलेली. तिला बसल्या बसल्या डुलकी लागत होती आणि लेकरू रडलं की ती दचकून जागी व्हायची. शेजारची बाई आली. मांडी चोळू नको म्हणाली. नर्सने दिलेलं तापाचं औषध सांगितलं तेवढंच पाजलं, अंगावरची गोधडी काढून पातळ फडकं घातलं आणि म्हणाली, “आण इकडं, तू नीज घटकाभर.” दोन तास तिने लेकरू मांडीवर घेतलं. पुढच्या फेरीला ती आई स्वतःहून आली.

ताप, थोडी सूज, चिडचिड हे एक-दोन दिवस असतं आणि आपोआप जातं. हे आईला लस देण्याच्या आधी सांगायचं, नंतर नाही. बीसीजीचं वेगळं आहे. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी पुटकुळी येते, कधी पिकते, मग व्रण राहतो. त्यावर हळद, तंबाखू, मलम काहीही लावायचं नाही.

नर्सने प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचं. गर्दीत यातलं काही राहिलं तर टोळीतल्या बाईने सांगावं. लस दिल्यावर अर्धा तास सत्राच्या जागीच थांबायला लावावं.

कोणत्या लक्षणांना मात्र थांबायचं नाही?

झटके आले, श्वास लागला, लेकरू निपचित पडलं, तीन तासांहून जास्त न थांबता रडत राहिलं, दूध ओढेना किंवा ताप फार चढला, तर १०८ ला फोन आणि दवाखाना. नर्सलाही लगेच कळवायचं. लपवून ठेवलं की अफवा उठते आणि शेजारची दहा लेकरं लसीवाचून राहतात.

सर्दी-खोकला असेल तर? आणि एका दिवशी तीन-तीन सुया कशा द्यायच्या?

साधी सर्दी, थोडा खोकला, हलके जुलाब असले तरी लस चालते. खूप आजारी असेल तर नर्स ठरवेल. तीन सुया एका दिवशी दिल्याने काही बिघडत नाही. उलट आईचे दोन खाडे वाचतात.

गोवर म्हणजे देवी. अंगावर आली की लिंबाचा पाला बांधायचा, सुई कशाला?

आजीशी देवीवरून वाद घालू नका. लिंबाचा पाला बांधू द्या, नारळ वाहू द्या. तिला विचारा, “आजी, तुमच्या वेळी गोवरात किती लेकरं गेली?” बहुतेक आज्यांकडे एखादं नाव असतं. ते ऐकून घ्या. मग सांगा की गोवर निघून जातो, पण मागे न्यूमोनिया आणि हगवण ठेवतो, आणि लेकरं त्याने दगावतात. गोवर आलेल्या लेकराला जीवनसत्त्व ‘अ’ चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात. त्यामुळे घरात दडवून ठेवू नका, कळवा.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवर पसरला, भिवंडी आणि मालेगावातही लेकरं आजारी पडली. साथीच्या भागांत पाच वर्षांखालच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला, काही ठिकाणी सहा महिन्यांच्या बाळांनाही. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या किमान ९५ लेकरांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. नऊ महिन्यांच्या एका डोसाने साधारण ८५ टक्के लेकरांनाच संरक्षण मिळतं, दुसरा डोस उरलेल्यांसाठी आहे. एकमेकींना खेटून बांधलेल्या चाळीस कोप्यांचा तळ आणि गोवंडीची गल्ली, गोवराला दोन्ही सारख्याच.

“या लसीने पुढे मूल होत नाही” असं मोबाइलवर आलं होतं.

ही अफवा जुनी आहे. पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात हीच होती. तिथे घराघरात जाऊन बोलायला त्याच मोहल्ल्यातल्या बाया नेमल्या, त्यांत मुस्लिम बायाही मोठ्या संख्येने होत्या. त्या स्वतःच्या लेकरांना सगळ्यांसमोर थेंब पाजायच्या. देशातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

तुम्हीही तेच करा. पूर्वी ट्रिपल, पोलिओ, गोवराची लस घेतलेली आणि आज स्वतः आई झालेली सून प्रत्येक तळावर असते. तिला पुढे करा, ती दोन वाक्यांत काम करून टाकते.

मुकादम सोडत नाही. खाडा कापतो. काय करायचं?

या प्रश्नावर मी नेहमी अडखळते, कारण हे बाईच्या समजुतीचं काम नाही, तिच्या पोटाचं आहे. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस गेली नाही की दोघांचा खाडा लागतो. अशा बाईला “लेकरापेक्षा पैसा मोठा का?” म्हणणारी कार्यकर्ती मला खपत नाही.

आम्ही दोन गोष्टी करतो. सत्र सकाळी अकराला उपकेंद्रात न ठेवता तळावरच ठेवायला सांगतो, तेही फडातून परतल्यावर किंवा कारखाना बंद असेल त्या दिवशी. नर्सला हे सोपं जात नाही, म्हणून महिना आधी ठरवावं लागतं. आणि मुकादमाशी त्याच्या हिशेबात बोलतो: “दादा, एका लेकराला गोवर निघाला तर तळावर दहा लेकरं पडतील. मग किती कोयते बसतील ते मोजा.” तो मोजतो.

कार्ड हरवलं किंवा डोस उशिरा झाला, तर परत पहिल्यापासून?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालू. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, एवढंच. बीसीजी आणि पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. वर्ष उलटल्यावर आलेल्या लेकरासाठीही काय देता येतं ते नर्स सांगेल.

कार्डाबद्दल मनात एक सल आहे. एका केंद्रावर आमच्या बाईला “कार्ड नाही तर लस नाही, तुम्हा लोकांना काळजीच नसते” म्हणून सगळ्यांसमोर परत पाठवलं. ती आठ किलोमीटर चालून आली होती. ती बाई पुन्हा कुठल्याच सत्राला गेली नाही आणि मला ते फार उशिरा कळलं. कार्ड नसेल तर नवीन काढता येतं, नोंदवहीतून किंवा आईला विचारून आधीचे डोस भरता येतात. तेव्हापासून आम्ही प्रत्येक टोळीला जाड प्लॅस्टिकची पिशवी देतो. सगळी कार्डं त्या एकाच पिशवीत आणि पिशवी त्या एका बाईकडे. कोपीत पाणी शिरलं तरी कार्डं भिजत नाहीत.

टोळीतल्या बाईला पैसे मिळतात का?

आशाताईला पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण झालेल्या बाळामागे १०० रुपये आणि दुसऱ्या वर्षाच्या पूर्ण झाल्यावर ७५ रुपये असा मोबदला ठरलेला आहे. पण लेकरू परजिल्ह्यात गेलं की ते गावच्या आशाच्या हातातून सुटतं आणि तिकडच्या आशाच्या यादीत नसतं. टोळीतल्या बाईला तर यातलं काहीच नाही. तिच्या कामाला ठरलेलं मानधन असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांचा गौरव केला, तेव्हा आम्ही बैठकीत पेढे वाटले. त्याच बैठकीत थकलेल्या मोबदल्याचा अर्जही लिहिला.

ते होईपर्यंत निदान सत्राच्या दिवसाचा तिचा खाडा भरून द्यावा. आमच्या काही गावांत बचत गट भरतात.

हंगाम संपून टोळ्या परतल्या की पहिलं काय करायचं?

गावात ट्रॉली आली की दोन दिवस बायांना झोपू द्या. तिसऱ्या दिवशी पिशवी उघडून कार्डं यादीशी ताडून पाहा. तिकडे जन्मलेल्या लेकरांची नावं आधी लिहा. ज्यांच्या गोवराच्या चौकोनात तारीख नाही ती कार्डं वेगळी काढा आणि येत्या सत्राच्या ड्यू लिस्टमध्ये (लस द्यायच्या लेकरांच्या यादीत) सगळ्यात वर घाला. आणि टोळीतल्या त्या बाईला नर्सशेजारी खुर्ची द्या. यादीतली नावं तिलाच वाचू द्या, वाचता येत नसेल तर तोंडपाठ सांगू द्या.